५० मीटर प्रोन: हँडस्टॉप आणि स्लिंग रेलवर नेमकी कुठे ठेवावी?

प्रश्न
मी सहा महिन्यांपासून पुण्यात ५० मीटर प्रोनचा, म्हणजे पालथे झोपून रायफल नेमबाजीचा सराव करते. रायफल क्लबची, .२२ बोअरची आहे. तिच्या स्टॉकखालच्या (नळी बसवलेल्या दांड्याखालच्या) रेलवर हँडस्टॉप, म्हणजे पुढच्या हाताला अडवणारा ठोकळा, मागेपुढे सरकतो आणि स्लिंगची (दंडाला बांधायच्या आधाराच्या पट्ट्याची) कडी त्यालाच लागते. माझ्याआधी सराव केलेल्या नेमबाजाच्या मापावर तो लावलेला असतो, त्यामुळे दर वेळी मी अंदाजानेच जागा ठरवते. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर डावा तळहात बधिर होतो आणि शॉट खाली उतरू लागतात. स्लिंग पुढे जोडावी की मागे, हे ठरवायचे कसे?

उत्तर १
आधी स्लिंग न लावता आडव्या व्हा. बट (रायफलीचे मागचे टोक) खांद्यात आणि गाल चीकपीसवर नीट बसवून, साईटमधून टार्गेट सहज दिसेल अशी रायफल तोलून धरा. डावा हात जिथे आपोआप येतो, तिथे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याला टेकेल असा हँडस्टॉप आणून घट्ट करा; स्लिंग त्यानंतर. मग डोळे मिटून दोन श्वास घ्या आणि उघडा. नळी टार्गेटच्या वर गेलेली दिसली तर हँडस्टॉप किंचित पुढे आणि खाली गेलेली दिसली तर मागे सरकवा. मात्र डावीउजवीकडचा फरक हँडस्टॉपने जात नाही, त्यासाठी डावे कोपर जागेवर ठेवून कंबर आणि पाय हलवावे लागतात. पुढे नेण्यालाही मर्यादा आहे, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रोनमध्ये डाव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग जमिनीशी ३० अंशांहून कमी कोन करता कामा नये. टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचे आहे, म्हणून स्नायूंनी रायफल ढकलून नेम साधण्याची सवय लावून घेऊ नका.

उत्तर २
वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. पण तुमच्या तक्रारीचे मूळ मला रेलवर नव्हे, दंडावर दिसते. शॉट हळूहळू खाली उतरतात, तेव्हा बहुधा स्लिंग जॅकेटच्या बाहीवरून घसरत असते. बाहीवरच्या हुकात ती अडकवा आणि पंधरा गोळ्यांनंतर तिची जागा पुन्हा तपासा. तळहात बधिर होतो, कारण कडी आणि हँडस्टॉप यांच्यात हात चिमटला जातो. स्लिंग एक भोक सैल करा आणि जाड हातमोजा घाला. पुढच्या साईटचे वर्तुळ नाडीच्या ठोक्यागणिक उडताना दिसत असेल, तर स्लिंग दंडाच्या आतल्या बाजूच्या धमनीवर दाबत आहे. तिला वर आणि बाहेरच्या बाजूला फिरवा.

उत्तर ३
मी कोल्हापूरचा. आमच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला प्रोनचेच जागतिक विजेतेपद मिळवले, त्यामुळे इकडे या विषयावर तासन्‌तास बोलणे चालते. रेलवरचा आकडा आणि स्लिंगचे भोक डायरीत लिहून ठेवा. पुढे थ्री पोझिशनकडे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) वळलात तर नीलिंगची, म्हणजे गुडघ्यावरच्या स्थितीची नोंद वेगळी ठेवा. स्टँडिंगला, म्हणजे उभ्याने, स्लिंग चालतच नाही. क्लबच्या रायफलीत आणखी एक गोष्ट पाहा: स्लिंग ताणलेली असताना नळी आणि स्टॉक यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघा. ती अडकली तर स्लिंगच्या ताणाबरोबर झिरोही (साईटची जुळवणी) हलेल.

प्रश्नकर्तीकडून
आज कागद मोकळा सरकला, पण स्लिंग खरोखरच तीन बोटे खाली घसरलेली निघाली. हँडस्टॉप तिथेच ठेवून हुक लावला, तेव्हा चाळीस गोळ्यांपर्यंत हात बधिर झाला नाही.