सुमोचं पासिंग आलंय, चेसिसला गंज आहे, एजंट म्हणतो रंग मारून टाक

देवबागचा_सारथी:
नमस्कार मंडळी. माझी सुमो आहे, टूरिस्ट परमिटची, आठ वर्षं उलटून गेलीत. गणपतीच्या आधी फिटनेस संपतोय, पासिंगला ओरोसच्या आरटीओत न्यायची आहे. आमची भाडी तारकर्ली, देवबाग, म्हणजे गाडी दिवसदिवस समुद्राच्या तोंडावर उभी असते, आणि चतुर्थीला कुडाळ स्टेशनवरनं चाकरमानी. परवा वॉशिंगला वर घेतली तेव्हा बघितलं तर मागच्या चाकांच्या वर चेसिसचे पापुद्रे निघतायत आणि मागच्या ब्रेकला जाणारा पाईप पण तांबूस झालाय. एजंट म्हणतो काळा रंग मार, टायर पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे लाव, खाली वाकून कोण बघत नाय. आता काम काढलं तर ऐन सीझनला गाडी गॅरेजात. काय करू? कागदांचं पण सांगा कोणीतरी, परत पाठवलं की अख्खा दिवस जातो.

घाटरस्ता_०७:
कागदांचं मी सांगतो. आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, टॅक्स भरल्याची पावती, जुना फिटनेस. आठ वर्षं झाली म्हणजे पर्यावरण कर पण लागतो, तो भरलाय का बघ, तिथेच बऱ्याच जणांचं अडतं. गाडी २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावून घे. गाडीत आग विझवायचा सिलिंडर (मुदत बघ त्याची), फर्स्ट एडची पेटी, सगळे सीटबेल्ट, वायपर, हॉर्न, रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी मागे लाल. अपॉइंटमेंट परिवहनच्या साईटवर. आणि आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांचा फिटनेस मिळतो, त्यानंतर दरवर्षी, त्यामुळे आज रंगाखाली झाकलंस तरी पुढच्या वर्षी तोच गंज दुप्पट होऊन समोर येणार.

गॅरेजकट्टा_कणकवली:
तुका आधी एक सांगतंय, रंगाचो डबो बाजूक ठेव.
किनाऱ्यावरच्या गाड्या मी रोज वर घेतो. रंग मारला की पापुद्र्याच्या आत खारं पाणी कोंडतं आणि पत्रा आतून खात जातो, वरून मात्र चकचकीत. जाड स्क्रू ड्रायव्हर घे आणि त्याच्या मुठीने चेसिसवर ठोकत जा. टणटण आवाज आला तर गंज वरचा आहे, वायर ब्रशने घासून, प्रायमर मारून मग अंडरकोटिंग कर. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेलं तर तिथे प्लेट टाकून वेल्डिंग लागणार, त्याला पर्याय नाही. मागच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटपाशी जास्त बघ, चिखल तिथेच साठतो.
पण माझ्या मते चेसिसच्या आधी तो ब्रेक पाईप. तांबूस पाईप रोजच्या हलक्या ब्रेकला काही करत नाही, तो फुटतो कधी, तर पाय जोरात दाबल्यावर, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा. स्टीलचा नवीन टाक. साध्या तांब्याची नळी जोडून देणारे आहेत, घेऊ नको, हादऱ्याने तिला तडे जातात. पाईप निघणारच आहे तर ऑईल पण सगळं बदल. ब्रेक ऑईल हवेतला दमटपणा ओढून घेतं, आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नको. नवं डॉट ४ ग्रेडचं ऑईल कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी धरलं की तेच १५५ च्या आसपास उकळू शकतं. करूळ घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर ऑईलची वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं.

लालमाती_९:
सगळेच जण दुसऱ्याचे टायर लावून पासिंग करतात भाऊ, उगाच घाबरवू नका गरिबाला. सीझन गेला तर हप्ता कोण भरणार.

घाटरस्ता_०७:
@लालमाती_९ हप्त्याची काळजी मलाही आहे, माझी पण गाडी भाड्यावरच चालते. पण मोटार वाहन कायद्यात कलम ५६ बघा, गाडी नियमात बसत नाही असं दिसलं तर मिळालेला फिटनेस नंतर पण रद्द करता येतो, आणि फिटनेस नसेल तर रजिस्ट्रेशनच वैध धरत नाहीत. मग अपघात झाला की इन्शुरन्सवाले पहिलं तेच बोट ठेवतात. हे पण सोडा. मुंबईहून रात्रभर ट्रेनने आलेली माणसं, मांडीवर पोर, टपावर सामान, ती तुमच्या भरवशावर झोपतात गाडीत. त्यांना माहीत नसतं टायर कालच परत केलेत ते. असला सल्ला नका देऊ.
टायरचं सांगतो, नक्षी १.६ मिमी च्या खाली गेली की टायर बाद. खाचेत बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की समज संपला. बाजूला चार आकडे असतात ते पण वाच, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी आहे पण बाजूला उन्हाने चिरा पडल्यात असा टायर भिजलेल्या रस्त्यावर नको.

देवबागचा_सारथी:
ठोकून बघितलं. डाव्या बाजूला ब्रॅकेटच्या वर वीतभर पट्टी बद्द वाजते, बाकी ठीक वाटतंय. मागचे दोन्ही टायर उंचवट्याला आलेत. सगळं एकदम जमणार नाही, आधी काय करू? आणि एजंटला रंगाचं नको म्हणून सांगून टाकलं.

गॅरेजकट्टा_कणकवली:
बरं केलंस. पाईप, ऑईल आणि मागचे दोन टायर आधी, त्याशिवाय भाडं घेऊ नको. वेल्डिंग पासिंगच्या आधी होऊ दे, एवढी पट्टी असेल तर गाडी अडकून पडणार नाही. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायला लाव, आणि दोन्ही कामं एकदम करणार असशील तर नवीन पाईप वेल्डिंगनंतर बसव, ठिणग्या त्याच्यावर नकोत. ब्रेकच्या लाईनमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात. मागचे ड्रम पण उघडायला सांग, आत वाळू असते तुमच्याकडच्या गाड्यांना. हँडब्रेकची केबल खेचून बघ, गंजून अडकली असेल तर ती पण आत्ताच. झाल्यावर रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून बघ, एका बाजूला ओढते का ते, मग ओरोसला ने.