२०२४चे पॉप अल्बम : बिली राहिलीच की!
२०२४च्या सर्वोत्तम पॉप अल्बमची एक यादी वाचली. त्यात गायिका चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' पहिला, ठीकच आहे. पण गायिका बिली आयलिशचा 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' नाहीच? मे महिन्यात आला तेव्हापासून माझ्याकडे तोच चालू आहे. आधी एकही सिंगल (सुटं गाणं) न सोडता थेट १० गाणी. त्यातलं 'लामूर द मा व्ही' निवांत, जॅझच्या अंगाने जातं आणि शेवटी एकदम सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) धुरळा. पहिल्यांदा वाटलं, पुढचं गाणं लागलं. भांडी घासता घासता ओल्या हातानेच फोन बघितला. बिलीचा संगीतकार भाऊ फिनियस, त्याची करामत, दुसरं काय! बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर' आवडला, पण २७ ट्रॅक एका बैठकीत? आपल्याच्याने नाही होत बुवा. सब्रिना कारपेंटरचा 'शॉर्ट एन स्वीट' मात्र ३६ मिनिटांत आटोपतो, लोकलमध्ये ऐकायला झकास.