घरचे सगळे ‘मस्त’ म्हणतात, पुढे काय?

दिंडी_क्र_७:
वारीवर बोर्डगेम केलाय. आळंदी ते पंढरपूर, सगळ्यांनी मिळून पालखी पोचवायची. वाटेत पाऊस, दिवे घाट, आजारपण. चिंचोके म्हणजे वारकरी. घरी आठ डाव झाले, सगळे ‘मस्त’ म्हणतात. एवढी चाचणी पुरे का? आणि प्रत्येकाला टर्नला चार अ‍ॅक्शन, पत्त्यांचा कॅट संपला की सगळे हरले, हे दोन्ही ‘पँडेमिक’ या बोर्डगेममधून घेतलंय. तसं लिहिलं तर लोक चोरी म्हणतील का?

सोंगटीवाली:
‘मस्त’वर काडीचा विश्वास ठेवू नका. माझी आईही मस्तच म्हणायची.

माझा खेळ आंब्याच्या लिलावाचा होता. घरी वीसेक डाव झाल्यावर चार अनोळखी लोकांपुढे नुसता डबा आणि नियमांचा कागद ठेवला नि मागे खुर्ची टाकून बसले. तोंड उघडायचं नाही, असं स्वतःला बजावलं होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘एक पत्ता टाका.’ दोघांनी पत्ता समोर मांडला, दोघांनी रद्दीच्या ढिगात फेकला. घरी हे कधीच झालं नव्हतं, कारण तिथे नियम मीच तोंडी सांगायचे. वीस मिनिटं ते कुठलातरी भलताच खेळ खेळत होते (खरं सांगायचं तर तो माझ्यापेक्षा बरा होता) आणि मी पदराची गाठ मारत गप्प.

तेव्हा अनोळखी माणसं गाठा. ‘आवडला का?’ विचारू नका. कोण कधी मोबाइल उचलतो ते टिपून ठेवा. डाव रटाळ झाला तर अर्ध्यात मोडा, संपवायची शपथ नाही. आणि एका वेळी एकच नियम बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

नावाचं म्हणाल तर बिनधास्त लिहा. ‘चार अ‍ॅक्शनची कल्पना मॅट लीकॉक यांच्या पँडेमिक (२००८) वरून’, एवढी ओळ नियमांच्या शेवटी पुरे. खेळ कसा चालतो ती युक्ती सहसा कुणाच्या मालकीची नसते. त्यांचे शब्द आणि चित्रं मात्र उचलू नका. लिझी मॅगी बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. त्याच खेळातून पुढे मोनोपॉली निघाला, १९३५ साली बाईंच्या हाती पाचशे डॉलर पडले आणि कित्येक वर्षं शोधक म्हणून नाव चार्ल्स डॅरो यांचं. बाईंसाठी अशी एक ओळ कुणी लिहिली नाही. हो, आणि ज्यांनी फुकट बसून चाचणी दिली त्यांचीही नावं छापा, विचारून.

कवडी_चार:
वरच्या ताईंना अनुमोदन. फक्त आभारात नाव आणि डब्यावर नाव यात घोळ नको. ‘मराठी पँडेमिक’ असं झाकणावर छापलंस तर ते श्रेय देणं नाही, दुसऱ्याच्या नावावर माल खपवणं आहे.

दिंडी_क्र_७:
आत्ता नियम काढून बसलोय. ‘टाका’ अकरा वेळा सापडलं. रविवारी बहिणीच्या हॉस्टेलवर डबा घेऊन जातोय, मी बाहेर चहाच्या टपरीवर थांबणार.