नागपूरच्या फ्लॅटमध्ये मोसमी फुलं आणि सक्युलंट, वर्षभर चालेल अशी सजावट कशी जमवायची?

मनीषनगर_गॅलरीवाली

नमस्कार मंडळी. आम्ही नुकतेच मनीषनगरला नवीन फ्लॅटमध्ये आलोय, सहावा मजला, हॉलला लागून पश्चिमेची मोठी गॅलरी आणि दुसऱ्या बाजूला पूर्वेची एक खिडकी. यंदापासून महालक्ष्म्या आमच्याकडे बसणार आहेत, सासूबाईंनी हौसेनं माझ्याकडे दिल्या, त्यामुळे हॉल मनापासून सजवायचाय. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या माळा नकोच आहेत. पण फक्त तीन दिवसांपुरती सजावट पण नको, माझ्या डोक्यात असं आहे की थोडे सक्युलंट, म्हणजे जाड पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं, कायमचे ठेवायचे, सेंटर टेबलवर, टीव्ही युनिटवर, खिडकीत, आणि त्यांच्या जोडीला ज्या मोसमात जे फूल असेल ते बदलत राहायचं.

आता प्रश्न. फोटोत सगळीकडे त्या गुलाबाच्या आकाराच्या एचेवेरिया दिसतात, त्या आपल्या मे महिन्यात जगतात का? नसतील तर कोणते सक्युलंट घ्यावे? उन्हाळ्यात हॉलमध्ये दिवसभर कूलर चालतो, त्याचं काय? आत्ता पावसाळ्यात घेऊ की थांबू? आणि बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कोणत्या महिन्यात काय फुलं चांगली मिळतात हे कुणी नीट सांगितलं तर फार बरं होईल. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, सगळं हाताळून पाहतो, म्हणून तेही लक्षात घेऊन सांगा.

कुंडीवाला_भाऊ

ताई कल्पना एकदम बरोबर आहे तुमची, कायमची झाडं आणि बदलती फुलं, नागपुरात हेच चालतं. फक्त झाडं फोटो पाहून नाही तर आपलं ऊन पाहून घ्या.

एचेवेरियाचं आधी सांगतो. मूळची मेक्सिकोकडची, डोंगराळ भागातली, तिथे दिवसा ऊन असलं तरी रात्र गार होते. सक्युलंट दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री उघडून हवा घेतात, म्हणजे त्यांना रात्र गार लागते. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा ४५ आणि रात्री पण पंखा गरम हवा फेकून राहिला असतो, मग ते झाड वाढ थांबवून नुसतं बसून राहतं, अशात आपण दया येऊन पाणी घातलं की खालून सडतं. नर्सरीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या एचेवेरिया इतक्या सुंदर दिसतात की घ्यावंसं वाटतंच, तर घ्या, पण हिवाळ्याचं झाड म्हणून घ्या. मार्च संपला की पूर्वेच्या खिडकीत आत आणा आणि पाणी अगदी कमी करा, काही निघतील उन्हाळा काढून.

आता जे आपल्याकडे खरोखर टिकतात ते. अडेनियम पहिला नंबर, पश्चिमेच्या गॅलरीत जिथे बाकी सगळं करपतं तिथे एप्रिल मे मध्ये हा फुलून उभा असतो, हिवाळ्यात पानं गाळेल तेव्हा मेला समजून पाणी घालू नका, झोपलेला असतो. जेड, म्हणजे आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून जे बारीक गोल पानांचं मिळतं ते, मूळ आफ्रिकेचं, कापाल तसा आकार घेतं, टीव्ही युनिटजवळ उजेड असेल तर मस्त. स्नेक प्लँट कुठेही. कोरफड सगळ्यांना माहीत आहे. हॉवर्थिया छोटी, सावलीत चालते, सेंटर टेबलला तीच ठेवा. आणि ऑफिस टाइम, चिनी गुलाब म्हणतात तो, तोही सक्युलंटच आहे, गॅलरीच्या कठड्याला लटकवा, ऊन जितकं जास्त तितका फुलतो.

कूलरचा प्रश्न फार बरोबर विचारला, इथेच नागपूरकरांची झाडं जातात. कूलरची हवा दमट असते आणि सक्युलंटला नेमका तोच त्रास, गरम आणि दमट दोन्ही एकत्र. म्हणून कूलरच्या झोतात एकही कुंडी नको. त्या तीन महिन्यांत स्नेक प्लँट सोडून बाकी सगळे खिडकीत किंवा गॅलरीत हिरव्या शेडनेटखाली न्या, पन्नास टक्के ऊन अडवणारी नेट पुरते.

माती आपली काळी असेल तर अजिबात वापरू नका, ती पाणी धरून ठेवते. बांधकामाची जाड रेती चाळून, थोडं कोकोपीट किंवा शेणखत, विटांचा चुरा, कोळशाचे तुकडे, अर्ध्याहून जास्त भाग खडबडीतच पाहिजे. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या पश्चिमेला ठेवू नका, आतली मुळं उकडतात. मातीची कुंडी घ्या आणि ती पण पांढऱ्या चुन्यानं रंगवून टाका. पाणी कधी घालायचं हे दिवस मोजून ठरवू नका, अगरबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, कोरडी निघाली तरच घाला, घातलं की भरपूर घाला, खालून निघेपर्यंत.

आत्ता पावसात घ्यायचं तर जेड, स्नेक प्लँट घेऊन टाका, अडेनियम छपराखाली ठेवायची सोय असेल तर. बाकीचे दिवाळीनंतर.

महालची_काकू

आधी महालक्ष्म्यांसाठी शुभेच्छा बाई, पहिल्यांदा बसवतेस तर सगळं छान होईल. भाऊंनी झाडांचं सांगितलं, मी फुलांचं सांगते, माझं सगळं आयुष्य बर्डीच्या नेताजी मार्केटातून फुलं आणण्यात गेलं आहे आणि त्यात मला अजूनही तेवढाच आनंद होतो.

भादव्यात गुलछडी जोरात असते, तीच मुख्य धर. उंच पितळी गडव्यात गुलछडीच्या काड्या, पायाशी झेंडू आणि तेरड्याची फुलं, मागे केळीचे खांब, एवढ्यात मखराची गरज राहत नाही. कमळ मिळालं तर कळी घे आणि बाहेरच्या पाकळ्या हातानं एक एक मागे दुमडून आत खोच, कापलेलं कमळ आपण होऊन उमलत नाही. आघाडा, दूर्वा, केवड्याचं पान हे तर पूजेला लागतंच, तेच थोडं जास्त आणून सजावटीत घेतलं की सगळं एका जातीचं दिसतं. फुलं आवाहनाच्या दिवशी पहाटे घेऊ नको, त्या दिवशी गर्दी आणि भाव दोन्ही डोक्यावर बसतात, आदल्या दिवशी सकाळी घे आणि संध्याकाळपर्यंत बादलीभर पाण्यात काड्या बुडवून अंधाऱ्या खोलीत ठेव, न्हाणीघरात ठेवलं तरी चालतं. पाणी पोटभर पिऊन घेतलेली फुलं तीन दिवस ताठ राहतात.

दसऱ्याला झेंडू, ते काय सांगायचं. मग थंडी पडली की आपली खरी मजा, शेवंती, अ‍ॅस्टर, ग्लॅडिओलस, डेलिया, गुलाब. ग्लॅडिओलस घेताना सगळी फुललेली काडी घेऊ नको, खालच्या एक दोन कळ्यांना फक्त रंग दिसत असेल ती घे, वरचं शेंडीचं टोक खुडून टाक म्हणजे वरपर्यंत उमलते. आणि घरी आणताना आडवी ठेवू नको, शेंडा वर वळतो, मग ती काडी सरळ होत नाही. डिसेंबरात मी फुलदाणीत संत्र्याच्या दोन डहाळ्या पानांसकट, फळांसकट खोचते, शेतावरून येतात आमच्याकडे, पिवळ्या शेवंतीजवळ काय शोभतात म्हणून सांगू, हे पुण्या मुंबईच्या फोटोत नाही मिळणार तुला.

फाल्गुनात पळस. रामटेककडे जाऊन ये एकदा, झाडाखाली पडलेली फुलंच गोळा करायची, फांदी तोडायची नाही. परातीत पाणी घालून नुसती पसरून ठेवली की हॉल केशरी होतो. चैत्र वैशाखात बहावा, तोही पडलेलाच वेच. आणि कडक उन्हाळ्यात फुलदाणीच काढून ठेव, विकतची फुलं सकाळी आणली की संध्याकाळी माना टाकतात, पैसे वाया. तेव्हा मोगरा. संध्याकाळी मिटलेल्या कळ्या आणायच्या, ओल्या मलमलच्या फडक्यात ठेवायच्या, रात्री माठाशेजारी वाटीत उमलतात. उन्हाळ्याची तेवढीच सजावट पुरे, त्याच्यापुढे बाकी काही लागत नाही.

एक मात्र पाहा, फुलदाणीच्या शेजारी आंब्याची आढी किंवा केळी ठेवू नको, पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्यानं फुलं लवकर गळतात.

रामदासपेठ_गच्ची

काकूंचं सगळं पटलं. दोन गोष्टी कळकळीनं सांगते.

बरेच डेकोरेटर फुलं त्या हिरव्या स्पंजात खोचतात, ओअ‍ॅसिस म्हणतात ना, तो प्लॅस्टिकच असतो, कुजत नाही, चुरा होऊन पाण्यात मातीत जातो. देवीसमोर थर्माकोल नको म्हणता तर हा पण नको. त्याऐवजी पिनांची जड चकती मिळते, जपानी लोक इकेबानाला वापरतात ती केन्झान, एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. पसरट भांड्यात तळाशी ठेवायची, तीन काड्या पुरतात, एक उंच, एक मध्यम तिरकी, एक ठेंगणी. केन्झान नसेल तर बारीक जाळीची तार गोळा करून भांड्यात कोंबा, तेही काम करतं.

दुसरं पाण्याचं. उरळी, म्हणजे फुलं तरंगत ठेवायचं पसरट भांडं, आणि परात सुंदर दिसते पण आपल्या शहरात डेंग्यूची भीती असते आणि तो डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठवडा दहा दिवस पुरतात. म्हणून दर दुसऱ्या दिवशी पाणी पूर्ण ओतून भांडं आतून घासा, नुसतं वरून पाणी घालू नका, अंडी कडेला चिकटून राहतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांना पण हेच. पाणी बदलताना काड्या बोटभर तिरक्या कापा आणि पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका, झेंडूचं पाणी तर पानांमुळेच वास मारतं.

मनीषनगर_गॅलरीवाली

किती छान आणि मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. काकू, संत्र्याच्या डहाळ्या मी नक्की करणार, आमचं काटोलकडे शेत आहे सासऱ्यांचं. आता दोनच शंका. अडेनियम विषारी असतो असं ऐकलंय, मुलगा लहान आहे तर घेऊ का? आणि हॉलमध्ये सक्युलंट आणि फुलं एकाच भांड्यात एकत्र मांडता येतात का, की वेगवेगळंच ठेवावं? शेजारणीनं कलंचो पण सुचवलाय, तिच्याकडे पानं भरपूर आहेत पण फुलं येत नाहीत म्हणते, तिच्या गॅलरीसमोरच रस्त्याचा दिवा आहे, त्याचा काही संबंध असेल का?

कुंडीवाला_भाऊ

हो ताई, अडेनियमचा चीक विषारी आहे, आफ्रिकेत बाणांना लावत असत. मुलगा मोठा होईपर्यंत नका घेऊ, किंवा त्याचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. युफोर्बिया, तो काटेरी लाल फुलांचा, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, तो पण नको. कण्हेर तर नकोच. स्नेक प्लँट आणि कोरफड मुलानं चावू नये, पोट बिघडतं, उंच ठेवा. निर्धास्त ठेवायचे तर हॉवर्थिया आणि ते बारीक पानांचं जेड. फक्त जेड या नावाखाली मोठ्या जाड पानांचं दुसरं झाड पण विकतात, ते वेगळं आहे, खाल्लं तर त्रास होतो, पाहून घ्या.

दिव्याचा संबंध नक्की आहे. कलंचोला रात्र मोठी झाल्याचं कळलं तरच कळ्या धरतो, आपली शेवंती थंडीतच का फुलते त्याचं पण हेच कारण. समोर रात्रभर दिवा असला की त्याच्या लेखी रात्र होतच नाही. शेजारच्या ताईंना सांगा, ऑक्टोबरपासून साधारण सहा आठवडे संध्याकाळी पाच सहा वाजता कुंडीवर खोकं उपडं घाला किंवा बंद खोलीत ठेवा, सकाळी आठला बाहेर काढा. थंडीत फुलं येतील. पण कलंचो पण खाण्यात जायला नको, म्हणून तुमच्याकडे मुलगा मोठा झाल्यावरच आणा.

एकाच भांड्याचं म्हणाल तर मुळासकट सक्युलंट आणि पाण्यातली फुलं एकत्र कधीच नाही, दोघांची तहान वेगळी. एक युक्ती आहे. हिवाळ्यात एचेवेरियाचा वरचा गुच्छ थोड्या दांड्यासकट कापा, दोन तीन दिवस सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्या, मग शेवंतीच्या मांडणीत त्याला तार किंवा बांबूची काडी लावून पाण्याच्या वर खोचा, त्याला पाणी लागतच नाही, फुलं दोनदा बदलली तरी तो तसाच टवटवीत. सजावट उतरवली की तोच गुच्छ कोरड्या रेतीत टेकवून ठेवा, मुळं फुटतात. खालच्या उरलेल्या दांड्याला पण पिल्लं येतात.

महालक्ष्म्यांना मात्र हे करू नका, भादव्यातल्या दमट हवेत कापलेला भाग बुरशी धरतो. तेव्हा मातीच्या कुंडीतलं जेड आणि स्नेक प्लँट दोन्ही बाजूंना ठेवा आणि पाण्यातली फुलं मध्ये, एकाच पितळी परातीत वेगवेगळी भांडी. कुंड्या आत आणायच्या आधी पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का पाहा, पिठ्या ढेकूण असतो तो, पावसात फार होतो. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढा आणि आठवड्यानं परत एकदा पाहा.

महालची_काकू

आणि बाई, परात असेल तर समईची जागा आधी ठरव मग फुलं मांड, गुलछडीची काडी ज्योतीवर वाकते. केळीचे खांब आदल्या दिवशी संध्याकाळीच आणून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेव, पानं फाटत नाहीत. फोटो टाकशील इथे, मी वाट पाहीन.