मदत हवी आहे: दोन टॉवरमधलं अंतर किती मागायचं?

मंडळी, आमची मुलुंडची जुनी चार मजली सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. बिल्डरच्या आर्किटेक्टने 70 मीटर उंचीचे जुळे टॉवर दाखवलेत. खाली पोडियम पार्किंग, वर बाग. चित्र झकास, हिरवळीवर एक बाई कुत्रा फिरवतेय. (आमच्याकडे कुत्रा एकच, तोही कुणाचं ऐकत नाही.)

घोडं अडलंय ते अंतरावर. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं, तर मध्ये जेमतेम 15 मीटर. आम्हा जुन्या सभासदांना उत्तरेकडचा बी टॉवर, तोही खालचे मजले. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत भर दुपारीही सूर्य साधारण 47 अंशांवरच असतो, म्हणजे ए टॉवरची सावली उत्तरेला साठेक मीटर पडणार. वाळत घातलेले कपडे तरी सुकतील का?

ताडदेवचे इम्पीरियल टॉवरही जुळेच, पण ते साठेक मजल्यांचे. आमचं अंथरूण केवढं!

कुणी बिल्डरकडून सावलीचा अभ्यास लेखी मागून घेतलाय का? समोरासमोरचे टॉवर तिरके किंवा मागे-पुढे करून घेता आले का? आणि मधल्या बोळात पावसाळ्यात वारा किती घुसतो, हे तिथे राहणाऱ्यांनी सांगावं. रविवारी सर्वसाधारण सभा आहे.