'विंड मोड'ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ: मित्राच्या शिडाच्या होडीवरच्या ऑटोपायलटची माहितीपत्रिका मराठीत करतोय. पहिल्याच शब्दाला अडलोय. एकाने 'स्वयंचलित वैमानिक' सुचवलं. होडीत वैमानिक! यंत्र दोन तऱ्हांनी चालतं. एकीत होकायंत्रावरची दिशा धरतं, दुसरीत वाऱ्याशी ठरलेला कोन. या दुसरीला, म्हणजे 'विंड मोड'ला, काय म्हणावं? आणि चालत्या होडीवर जाणवणाऱ्या वाऱ्याला, 'अपेरंट विंड'ला, मी 'आभासी वारा' लिहिलंय, पण रुचत नाही.

मचवा: बंदरात पायलट म्हणजे वेगळाच माणूस, गोव्यात मुरगावला मोठी जहाजं आत आणायला चढतो तो. म्हणून 'स्वयंसुकाणू' बरा. 'आभासी' मात्र खोडाच. आभास म्हणजे नसलेलं असल्यासारखं वाटणं, आणि हा वारा तर गालाला लागतो. स्कूटरवरून जुन्या मांडवी पुलावर चढा. वारा पडलेला असला तरी तोंडावर येतोच. मूळ वारा आणि होडीची स्वतःची चाल मिळून शिडाला जो मिळतो, तो 'लागता वारा'. दुसऱ्याला, म्हणजे 'ट्रू विंड'ला, 'खरा' म्हणू नका, नाहीतर हा खोटा ठरेल. 'मूळ वारा' म्हणा.

खाडीकाठ: 'लागता' झकास. मग त्या तऱ्हेला 'वारा धरणे' चालेल?

तारवटी: नाही पटत. 'धरणे' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, होडी नेमलेल्या वाटेवरच आहे. समजा मांडवीच्या मुखातून बाहेर पडून हरमलच्या बाजूला, सरळ उत्तरेला चाललात, वारा डावीकडून 60 अंशांवर. दुपारी तोच वारा 30 अंश उत्तरेकडे सरकला, तर कोन राखण्यासाठी यंत्र नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, 30 अंश उजवीकडे वळवणार, म्हणजे किनाऱ्याकडे! शिडं भरलेली, होडी खूश, तुम्ही खाली चहा करताय. वारा वाहील तशी पाठ द्यावी म्हणतात, ते हे यंत्र अक्षरशः करतं. वारा फिरल्याची सूचना देणारी घंटा असते, पण ती चालू ठेवली तर.

मचवा: मुद्दा खरा. धरतात तो वारा नव्हेच, कोन. तेव्हा 'वाराकोन धरणे'. आणि कुठल्या वाऱ्याचा, तेही लिहा, कारण मागून वारा असताना फरक मोठा पडतो. 12 नॉट (ताशी सागरी मैल) मूळ वारा, नाळेपासून 120 अंशांवर, होडी 6 नॉट: लागता वारा बरोबर 90 अंशांवर येतो. लाटेवरून घसरत होडी 9 नॉटवर गेली की तोच 74 अंशांच्या आसपास पुढे सरकतो. यंत्र लागत्याचा कोन धरून असेल तर होडी वाऱ्यापासून दूर वळवतं, लाट गेली की परत आणतं. सगळी नागमोडी! तिथे मूळ वाऱ्याचा कोन बरा. समोरून वारा असताना लागत्याचा.

तारवटी: बिनविजेच्या यंत्राला वेगळा शब्द लागेल, हां. वाऱ्याची पाती आणि पाण्यातलं वल्हं, एवढ्यावरच सुकाणू फिरतं. गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत विजेवरचं स्वयंसुकाणू चालत नाही, तिथे हेच. भारतीय नौदलातले निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी 2023 मध्ये त्यात दुसरे आले. याला 'वातसुकाणू' म्हणावं.

खाडीकाठ: 'लागता', 'मूळ', 'वाराकोन', 'वातसुकाणू' लिहून घेतले. मित्राला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सगळं ठीक, पण होडीवर मी 'विंडवर टाक' असंच ओरडणार."