राजा वारला, पण त्याच्या सुटकेसाठीचा कर कसा उरला?

मंडळी, शतवार्षिक युद्धाबद्दल वाचताना एका जागी अडलोय. १३५६ मध्ये प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जाँ इंग्रजांच्या हाती सापडला. सुटकेची रक्कम ठरली ३० लाख सोन्याची नाणी! ती भरायला १३६० मध्ये मीठ, वाइन आणि इतर मालाच्या विक्रीवर कर बसले. रक्कम पुरती फिटलीच नाही. राजाला सोडताना त्याच्या बदल्यात ओलीस ठेवलेला मुलगा पळाला, म्हणून राजा आपणहून लंडनला परतला (काय म्हणावं या माणसाला!) आणि १३६४ मध्ये तिथेच वारला. कर मात्र चालूच राहिले.

इंग्लंडात लोकरीवरच्या करासाठी राजाला पार्लमेंटची मनधरणी करावी लागे. मग फ्रान्समधल्या सरदारांनी हे कसं खपवून घेतलं? त्यांनाही वसुलीतला वाटा मिळायचा, एवढंच कारण पुरेसं आहे का? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.